कोल्हापुरात जिवंत मेंदूच्या प्रतिमांकनासाठी सामायिक टू-फोटॉन सूक्ष्मदर्शक: प्रस्ताव कसा मांडावा?

प्रश्न: करवीर_औषधशास्त्र

सप्रेम नमस्कार. कोल्हापुरातील तीन संस्थांमधल्या पाच संशोधन गटांनी एकत्र येऊन, जिवंत प्राण्याच्या मेंदूचे प्रतिमांकन करू शकणारा एक टू-फोटॉन सूक्ष्मदर्शक सामायिक उपकरण म्हणून मागावा, असे आमच्यात ठरत आले आहे आणि प्रस्तावाचा मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी औषधशास्त्र शिकवते. प्रकाशशास्त्र हा माझा प्रांत नाही. अशी यंत्रणा ज्यांनी उभी केली, चालवली किंवा तिच्या निविदेची कागदपत्रे हाताळली, त्यांच्याकडून मार्गदर्शन हवे आहे.

आमच्या गरजा एकसारख्या नाहीत, आणि खरी अडचण तिथेच आहे. एका गटाला अपस्माराच्या मूषक-प्रतिमानात झटका येण्याआधी कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या बाह्य आवरणाच्या) वरच्या थरांतील चेतापेशींचे कॅल्शियम-संकेत, म्हणजे पेशी सक्रिय झाल्याची खूण, पाहायचे आहेत. दुसऱ्याला मधुमेही उंदरांच्या मेंदूतील केशवाहिन्यांमधून रक्त किती वेगाने वाहते ते मोजायचे आहे. तिसऱ्याला पक्षाघातानंतर मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतील संरक्षक पेशी, कशा हलतात आणि वनस्पतिजन्य औषधाने त्यात फरक पडतो का, हे त्याच प्राण्यात दोन आठवडे पाहायचे आहे. चौथा गट झेब्राफिशच्या अळ्यांवर काम करतो. पाचवा गट पदार्थविज्ञानाचा असून, त्यांचे नॅनोकण मेंदूतील रक्तवाहिन्यांची भिंत ओलांडतात का, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे आहे.

सध्या आम्ही प्राण्याचा मेंदू काढून, त्याचे काप करून कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. कापात पेशी कुठे होती ते कळते, ती काय करत होती ते कळत नाही. मात्र तज्ज्ञ समितीतील पहिलाच सदस्य विचारील की, कॉन्फोकल असताना पाच कोटींच्या आसपासचे दुसरे यंत्र कशाला. त्याला काय उत्तर द्यावे? पाच गटांच्या गरजा एका यंत्रात कशा बसवाव्यात आणि कोणत्या सुविधा निःसंकोच वगळाव्यात? तसेच आमच्याकडचा पावसाळा, वीजपुरवठा आणि पुण्या-मुंबईहून येणारे दुरुस्ती अभियंते, हे सगळे धरून असे उपकरण कोल्हापुरात टिकेल का, हेही स्पष्ट सांगावे, ही विनंती.

प्रतिसाद १: प्रकाशशाळा_पुणे

मॅडम, मी अनेक वर्षे एका संस्थेच्या सामायिक सूक्ष्मदर्शक सुविधेचे काम पाहतो. आपल्या पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो, पण आपण न विचारलेल्या एका गोष्टीवर अधिक लिहीन.

समितीला द्यायचे उत्तर प्रकाशाच्या विखुरण्यात आहे. कॉन्फोकलची कल्पना मार्विन मिन्स्की यांनी १९५७ मध्ये पेटंटसाठी मांडली. नको असलेला प्रकाश एका सूक्ष्म छिद्रापाशी अडवायचा, हे तिचे मर्म. मेंदूसारख्या दुधाळ ऊतीत मात्र हव्या असलेल्या पेशीतून निघालेला प्रकाशही वाटेत विखुरतो आणि त्याच छिद्रापाशी अडतो, त्यामुळे जिवंत मेंदूत शंभरेक मायक्रोमीटरच्या खाली कॉन्फोकलची प्रतिमा झपाट्याने विरते. टू-फोटॉन पद्धतीत रंगद्रव्याचा रेणू अवरक्त प्रकाशाचे दोन फोटॉन एकाच क्षणी शोषून घेतो. असे घडू शकते हे मारिया गोपर्ट-मेयर यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात सिद्धान्ताने दाखवले होते आणि कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर व वेब यांनी १९९० मध्ये त्यावर सूक्ष्मदर्शक उभा केला. दोन फोटॉन एकदम मिळण्याची शक्यता केवळ नाभीच्या ठिकाणी, म्हणजे किरण जिथे एकवटतो त्या बिंदूपाशी (फोकसपाशी), असते. वर किंवा खाली उत्तेजन जवळजवळ होतच नाही. म्हणून छिद्राची गरज उरत नाही आणि कितीही विखुरलेला प्रकाश शोधकापर्यंत (प्रकाश टिपणाऱ्या संवेदकापर्यंत) पोहोचला तरी तो त्याच बिंदूचा म्हणून मोजता येतो. उंदराच्या कॉर्टेक्समध्ये अर्ध्या मिलिमीटरपर्यंत नियमितपणे आणि परिस्थिती चांगली असल्यास त्याच्याही खाली जाता येते. प्रस्तावात हे एका परिच्छेदात लिहावे आणि सोबत आपल्याच प्रयोगशाळेतील कापाचे चित्र जोडून, या चित्रातून कोणता प्रश्न सुटत नाही ते नेमके दाखवावे. समितीला पाठ्यपुस्तक नको असते.

आता गरजांविषयी. अपस्माराच्या गटाला वेग हवा. त्यांच्यासाठी ८ किलोहर्ट्झचा रेझोनंट स्कॅनर, म्हणजे ठरावीक वेगाने कंप पावून किरण फिरवणारा आरसा, लागेल, जो ५१२ ओळींच्या चौकटीत सेकंदाला सुमारे ३० प्रतिमा देतो. रक्तप्रवाहाच्या गटाचे काम त्याने भागणार नाही. शेपटीच्या शिरेतून फ्लुओरेसिन-डेक्स्ट्रान सोडले की रक्तद्रव चमकतो आणि रंग न घेणाऱ्या तांबड्या पेशी त्यात काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. केशवाहिनीच्या अक्षावर एकच ओळ पुन्हा पुन्हा स्कॅन केली तर हे ठिपके तिरक्या काळ्या पट्ट्यांच्या रूपात उमटतात आणि पट्टीच्या उतारावरून वेग निघतो. केशवाहिन्या मात्र कोणत्याही दिशेला वळतात, म्हणून ओळ हव्या त्या कोनात फिरवता आली पाहिजे आणि त्यासाठी साध्या गॅल्व्हो आरशांची (हव्या त्या कोनात वळवता येणाऱ्या आरशांची) जोडी लागते. दोन्ही प्रकारचे स्कॅनर एकाच स्कॅन-हेडमध्ये असलेली यंत्रे मिळतात. आपल्या यादीत जिथे पैसे खर्च करायलाच हवेत अशी ही पहिली जागा.

दुसरी जागा म्हणजे वस्तुभिंगाखालची मोकळी जागा. ही गोष्ट माहितीपत्रकात ठळक छापलेली नसते. उभ्या बांधणीचा, म्हणजे भिंग वरून खाली येणारा सूक्ष्मदर्शकच घ्यावा आणि डोके स्थिर केलेला उंदीर फिरत्या पट्ट्यावर किंवा चेंडूवर चालेल एवढी उंची भिंगाखाली मिळते का, ते मोजून घ्यावे. पेशीसंवर्धनासाठी बनवलेल्या सूक्ष्मदर्शकावर टू-फोटॉन बसवून घेतलेल्या जागा मी पाहिल्या आहेत. तिथे उंदीर मावत नाही आणि यंत्र कापच पाहत राहते.

थ्री-फोटॉन, वेळ-विभेदी (चमक किती वेळ टिकते ते मोजणारे) प्रतिमांकन, दुसरा स्वतंत्र उत्तेजक किरण, या सुविधा सध्या वगळा. थ्री-फोटॉनने १३०० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाने अखंड कॉर्टेक्समधून खालच्या हिप्पोकॅम्पसपर्यंत पाहता येते हे खरे आहे, पण आपल्या पाच प्रश्नांपैकी एकालाही आज त्याची गरज नाही, आणि त्याचा लेझर वेगळा व महाग असतो.

आता न विचारलेल्या गोष्टीकडे येतो. हे यंत्र चालवणार कोण? सामायिक उपकरणाचा प्रस्ताव बहुधा यंत्राच्या नावाभोवती लिहिला जातो आणि चालकाचा उल्लेख शेवटच्या पानावर एका ओळीत उरकला जातो. ‘संशोधन विद्यार्थी चालवतील’ हे वाक्य मी इतक्या प्रस्तावांत वाचले आहे की आता ते दिसले की पुढचे वाचायची इच्छा राहत नाही. विद्यार्थी पदवी घेऊन जातो आणि यंत्राविषयीचे ज्ञान त्याच्याबरोबर जाते. किरणाची संरेखना तपासणे, दर आठवड्याला ठरावीक नमुन्यावर शक्ती आणि विभेदन (बारीक तपशील वेगळे दाखवण्याची क्षमता) मोजून नोंदवणे, नव्या वापरकर्त्याला शिकवणे आणि नियम मोडणाऱ्याला, तो विभागप्रमुखाचा विद्यार्थी असला तरी, यंत्रापासून दूर ठेवणे, हे पूर्णवेळ पगारी माणसाचे काम आहे. यजमान संस्थेने असे एक पद किमान पाच वर्षे स्वतःच्या निधीतून चालवण्याची लेखी हमी दिली नाही, तर यंत्र मागूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेतील एनआयएच (राष्ट्रीय आरोग्य संस्था) या संस्थेच्या एस-टेन या सामायिक उपकरण अनुदानातही किमान तीन प्रमुख संशोधकांची गरज दाखवावी लागते, वापरावर देखरेख करणारी सल्लागार समिती नेमावी लागते आणि यंत्राच्या पुढच्या देखभालीबाबत संस्थेची लेखी बांधिलकी जोडावी लागते. आपल्याकडेही विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची २०२२ ची ‘श्रीमान’ मार्गदर्शक तत्त्वे उपकरणांच्या सामायिक वापरावर आणि देखभालीवर भर देतात. प्रस्तावात त्यांचा आधार अवश्य घ्यावा आणि उपकरण आय-स्टेम या सामायिक संशोधन-उपकरणांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर नोंदवण्याची तयारीही लिहावी.

वेळेच्या वाटपाविषयी एक सूचना. तासाप्रमाणे नोंदणी ठेवली तर मायक्रोग्लियाचा गट अडचणीत येईल, कारण तोच प्राणी पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी पाहायचा असेल आणि सातव्या दिवशी दुसऱ्या कोणी वेळ घेतलेली असेल, तर सगळी मालिका वाया जाते. म्हणून नोंदणी प्रकल्पाच्या संपूर्ण मालिकेची असावी. आपल्याकडच्या पाणीपुरवठा संस्थांमध्ये उसाच्या पाण्याच्या पाळ्या हंगामाच्या सुरुवातीलाच लागतात. तशी तिमाहीची पाळी आधी ठरवून उरलेले तास सुट्या वापराला द्यावेत.

प्रतिसाद २: झेब्राप्रेमी

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत असूनही एक विरोधी मत नोंदवतो. पाच गटांपैकी जिवंत उंदराच्या कवटीत काचेची खिडकी बसवण्याचा अनुभव आज कोणाला आहे, हे प्रश्नात कुठेच आलेले नाही. तो अनुभव नसेल तर यंत्र आल्यावरचे पहिले वर्ष शस्त्रक्रिया शिकण्यातच जाईल आणि हमीचा काळ त्यातच संपेल.

याउलट झेब्राफिशच्या काही दिवसांच्या अळीचा मेंदू पारदर्शक असतो. त्यात सुमारे एक लाख चेतापेशी असतात, आणि अमेरिकेतील जेनेलिया या संशोधन केंद्रातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रकाश-पत्रक पद्धतीने (प्रकाशाच्या पातळ पापुद्र्याने एकेक थर उजळून) जवळजवळ संपूर्ण मेंदूतील पेशींची क्रिया सव्वा सेकंदाच्या आसपास एकदा, अशा गतीने टिपून दाखवली. प्रकाश-पत्रक सूक्ष्मदर्शकाचे खुले आराखडे उपलब्ध आहेत आणि पदार्थविज्ञानाचा गट सोबत असल्याने तो जोडणे तुम्हाला अशक्य नाही. उंदरांसाठी डोक्यावर बसणारा एक-फोटॉन लघुसूक्ष्मदर्शकही खुल्या आराखड्यावर मिळतो. त्याचे विभेदन कमी असते आणि पार्श्वभूमीचा प्रकाश त्रास देतो, पण कॅल्शियम-संकेत, शस्त्रक्रिया आणि विश्लेषण या तिन्ही गोष्टी हाताखाली येतात, आणि त्याचा खर्च टू-फोटॉनच्या तुलनेत किरकोळ असतो. आधी हे करून दाखवावे आणि मग मोठे यंत्र मागावे. समितीला प्राथमिक निष्कर्ष दाखवणारा प्रस्ताव नुसत्या इच्छेच्या प्रस्तावापेक्षा नेहमी वजनदार वाटतो.

करवीर_औषधशास्त्र

दोघांचेही आभार. झेब्राप्रेमी सर, आपली शंका रास्त आहे. खिडकीच्या शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण आमच्यातल्या एकीने बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत घेतले आहे, पण इथे ती अजून सुरू झालेली नाही. रक्तप्रवाह आणि मायक्रोग्लिया हे दोन प्रश्न लघुसूक्ष्मदर्शकाने सुटणार नाहीत असे मला वाटते. तरीही अपस्माराच्या गटाने त्यापासून सुरुवात करावी, हे मी बैठकीत मांडीन. लेझरच्या निवडीवर कोणी लिहील का? एका विक्रेत्याने टायटेनियम-सफायर लेझरशिवाय पर्यायच नाही असे सांगितले, तर दुसऱ्याने तो आता कालबाह्य झाला असे सांगितले.

प्रतिसाद ३: फेमटोसेकंद

दोघेही आपापला माल विकत आहेत.

टायटेनियम-सफायर लेझरची तरंगलांबी साधारण ६९० ते १०४० नॅनोमीटरच्या पट्ट्यात हवी तशी बदलता येते. त्याचे स्पंद (प्रकाशाचे अतिअल्प काळाचे झोत) सुमारे १०० फेमटोसेकंदांचे असतात आणि सेकंदाला ८ कोटी स्पंद निघतात. मात्र त्याला पाण्याने थंड ठेवणारी यंत्रणा लागते, खोलीचे तापमान स्थिर लागते आणि काही वर्षांनी त्याला ऊर्जा पुरवणारा आतला लेझर बदलण्याचा मोठा खर्च येतो. ९२० नॅनोमीटरवर स्थिर असलेला तंतू-लेझर (काचतंतूत प्रकाश निर्माण करणारा फायबर लेझर) आकाराने लहान, देखभालीला हलका आणि किमतीलाही कमी असतो. आपल्या पाच गटांना खरोखर कोणती तरंगलांबी लागते, याचा तक्ता करा. जीकॅम्प या कॅल्शियम-सूचकासाठी ९२० चालते. मायक्रोग्लियासाठी हिरवे प्रथिन बाळगणारी मूषक-जात वापराल, तिलाही ९२० चालते. फ्लुओरेसिनही तिथे पुरेसे उजळते. अडेल ते तांबड्या प्रथिनांपाशी, ज्यांना १०४० च्या आसपासचा प्रकाश लागतो, आणि नॅनोकणांपाशी, ज्यांचे वर्तन कणागणिक बदलते. माझ्या मते कोल्हापूरसारख्या, अभियंता यायला वेळ लागणाऱ्या ठिकाणी ९२० चा तंतू-लेझर घेऊन दुसऱ्या स्थिर लेझरसाठी प्रकाशमार्गात जागा राखून ठेवणे शहाणपणाचे आहे. नॅनोकणांच्या गटाला हे आवडणार नाही, पण पाचात एकाच गटासाठी सर्वांत नाजूक भाग विकत घेऊ नये. त्यांचे कण सोन्याचे असतील तर आणखी एक इशारा: स्पंदित अवरक्त प्रकाशात ते स्वतः चमकतात आणि तापतातही, त्यामुळे कण दिसला म्हणजे तो भिंत ओलांडून गेला, असा निष्कर्ष काढण्याआधी पुष्कळ नियंत्रण-प्रयोग लागतील.

कोणताही लेझर घेतला तरी विक्रेत्याला एक प्रश्न लेखी विचारावा: वस्तुभिंगातून बाहेर पडताना, म्हणजे नमुन्यापाशी, स्पंदाची लांबी किती? सरासरी शक्ती तीच ठेवली तर टू-फोटॉन संकेत स्पंदाच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असतो. लेझरमधून १०० फेमटोसेकंदांचा निघालेला स्पंद शक्ती-नियंत्रक स्फटिक आणि भिंगांची काच ओलांडताना ३०० चा झाला, तर संकेत एक-तृतीयांश उरतो. मग वापरकर्ता शक्ती वाढवतो आणि मेंदू तापतो. उंदराच्या मेंदूत दर १०० मिलिवॅटला सुमारे १.८ अंश सेल्सियस तापमान वाढते, आणि सलग २५० मिलिवॅटच्या पुढे ऊतीला कायमची इजा झाल्याचे नोंदले गेले आहे. म्हणून स्पंद आधीच उलट ताणून पाठवणारी भरपाई यंत्रणा लेझरमध्येच अंतर्भूत असावी, ही अट निविदेत अवश्य असू द्या.

हा वर्ग-४ चा, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गातला लेझर असून प्रकाश डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. दरवाजाला इंटरलॉक (दार उघडताच लेझर बंद करणारी सोय) आणि योग्य तरंगलांबीचे चष्मे यांचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवावा; तो ‘किरकोळ’ या सदरात घातला तर पहिल्या कपातीत उडतो.

प्रतिसाद ४: निविदावाचक

मी शास्त्रज्ञ नाही. खरेदी विभागात काम करून निवृत्त झालो आहे. वरील मंडळींनी सांगितलेले सगळे निविदेत उतरले नाही तर त्याचा काही उपयोग नाही, म्हणून लिहितो.

तांत्रिक अटी एखाद्या कंपनीच्या माहितीपत्रकातून उचलू नयेत. तसे केले की दुसरी कंपनी तक्रार करते आणि फाइल वर्षभर फिरते. यंत्रात काय आहे यापेक्षा यंत्राने काय करून दाखवावे, हे लिहा. उदाहरणार्थ, ०.२ मायक्रोमीटरच्या चमकत्या मण्यांवर ९२० नॅनोमीटरला बाजूचे व खोलीचे विभेदन अमुक असावे, आणि ते उभारणीनंतर आमच्याच खोलीत, आमच्या समितीसमोर मोजून दाखवावे. पुष्कळ ठिकाणी ९० टक्के रक्कम माल जहाजावर चढल्याच्या कागदपत्रांवर आणि उरलेली १० टक्के उभारणीनंतर दिली जाते. या यंत्रासाठी शेवटचा हप्ता शक्य तितका मोठा ठेवावा आणि तो या चाचणीशी जोडावा. १० टक्क्यांसाठी कोणी पुन्हा पुन्हा फेऱ्या मारत नाही.

हमीनंतरच्या पाच वर्षांच्या सर्वसमावेशक देखभाल कराराची किंमत आर्थिक लिफाफ्यातच मागावी आणि सर्वांत कमी दर ठरवताना ती धरावी. नंतर मागितली तर किंमत विक्रेता ठरवतो. लेझर या करारात आहे की नाही, हे वाक्य दोनदा वाचावे.

परदेशी मालाविषयी: मे २०२० च्या बदलानंतर केंद्राच्या वित्तीय नियमांनुसार २०० कोटींपर्यंतच्या खरेदीसाठी जागतिक निविदा काढण्यावर बंधन आले होते. जून २०२५ मध्ये वैज्ञानिक उपकरणांसाठी सवलत देऊन जागतिक निविदेला मंजुरीचे अधिकार संस्थांचे संचालक व कुलगुरू यांच्या पातळीवर देण्यात आले. आपल्या यजमान संस्थेला आणि आपल्या निधीला हा आदेश लागू होतो का, हे लेखा विभागाकडून प्रस्ताव पाठवण्यापूर्वी लेखी घ्यावे. तसेच सार्वजनिक संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर मिळणारी ५ टक्के जीएसटीची सवलत १८ जुलै २०२२ पासून बंद झाली. जुन्या प्रस्तावाचा नमुना समोर ठेवून अंदाजपत्रक केले तर या एका ओळीत मोठी तूट येते. आयातशुल्काच्या सवलतीसाठी संस्थेची डीएसआयआर (केंद्राचा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभाग) नोंदणी चालू आहे का, तेही पाहावे. आणि डॉलर किंवा युरोचा भाव मंजुरीच्या दिवशी असतो तो पतपत्र (बँकेचे लेटर ऑफ क्रेडिट) उघडण्याच्या दिवशी राहत नाही, याची तजवीज करावी.

प्रतिसाद ५: मूषकगृह

प्राण्यांच्या बाजूने थोडेसे. यजमान कोण, या प्रश्नाचे उत्तर कुलगुरू किंवा अधिष्ठाता यांच्या बैठकीत ठरत नाही, ते प्राणीगृहाच्या जागेवरून ठरते. खिडकी बसवलेला उंदीर गाडीत घालून शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रोज नेता येणार नाही. ताणामुळे रक्तप्रवाहाचे आकडेच बदलतील. सूक्ष्मदर्शक सीसीएसईएकडे (प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीकडे) नोंदणीकृत प्राणीगृहाच्या इमारतीत, शक्यतो त्याच मजल्यावर असावा, आणि बाहेरच्या गटांच्या प्राण्यांनाही प्रयोगकाळात तिथेच ठेवण्याची परवानगी संस्थात्मक प्राणी नीतिसमितीकडून आधी घ्यावी.

जीकॅम्पचे जनुक विषाणूवाहकातून मेंदूत सोडणार असाल तर संस्थात्मक जैवसुरक्षा समितीची मंजुरी लागते. जनुक-परिवर्तित उंदीर परदेशातून आणायचे असतील तर परवानग्यांची साखळी लांब आहे. यंत्राची मागणी नोंदवण्याआधीच ते काम सुरू करावे, नाहीतर यंत्र येऊन उंदरांची वाट पाहत बसेल.

मायक्रोग्लियाच्या गटाला एक सूचना: कवटी उघडली की याच पेशी सर्वांत आधी चिडतात. त्यामुळे त्यांनी शक्य असेल तिथे कवटी न उघडता ती घासून पातळ करण्याची पद्धत वापरावी, अन्यथा औषधाचा परिणाम आणि शस्त्रक्रियेचा परिणाम वेगळे करता येणार नाहीत.

प्रतिसाद ६: उद्यमनगरचा_अभियंता

प्रश्नातील शेवटच्या भागाला कोणी हात घातला नाही, म्हणून स्थानिक माणूस या नात्याने लिहितो.

जागा निवडताना तळमजला घ्यावा, कारण वरच्या मजल्यांना कंप अधिक असतो. पण तळमजला म्हणताच पंचगंगेची पूररेषा पाहिली पाहिजे. राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट ही धोक्याची पातळी आहे आणि २०१९ व २०२१ मध्ये पाणी तिच्या बरेच वर गेले. दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्गही बंद पडला होता. म्हणजे करारात ‘४८ तासांत अभियंता’ असे लिहिलेले असले तरी पावसाळ्यात ते पाळले जाईलच असे नाही. म्हणून दूरस्थ तपासणीची सोय आणि काही सुटे भाग इथेच ठेवण्याची अट घालावी. महामार्गाला खेटून असलेली इमारत जड वाहनांच्या कंपामुळे टाळावी, आणि खोली ठरवण्यापूर्वी दिवसा व रात्री कंपमापन करून घ्यावे. हवेवर तरंगणारे प्रकाशीय टेबल कंप कमी करते, पण त्याचा कॉम्प्रेसर त्याच खोलीत ठेवून तो फायदा घालवू नये.

पावसाळ्यात इथल्या सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांवर बुरशी धरते, हे कोल्हापुरातल्या कोणत्याही महाविद्यालयात पाहायला मिळेल. आर्द्रता कमी करणारे यंत्र जून ते ऑक्टोबर अहोरात्र चालले पाहिजे, रविवारीसुद्धा. विजेच्या बाबतीत सगळे यूपीएसचा विचार करतात आणि वातानुकूलन विसरतात. महावितरणची वीज गेली की लेझर बॅटरीवर चालू राहतो आणि खोली तापत जाते; अर्ध्या तासात संरेखना हलते. वातानुकूलन जनित्रावर आपोआप गेले पाहिजे.

उंदराच्या डोक्यावर बसवायची पट्टी, तिला धरणारे शिकंजे आणि फिरता पट्टा परदेशातून मागवण्याची गरज नाही. टायटेनियमची किंवा स्टेनलेस स्टीलची अशी पट्टी उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, व्हीएमसीवर (संगणक-नियंत्रित कापणी यंत्रावर) सहज निघते. रेखाचित्र नीट द्यावे, कडा घासून गोल करायला सांगावे आणि दोन शिकंजांच्या पकडीतला फरक काही मायक्रोमीटरच्या वर जाणार नाही, ही अट घालावी. उंदीर पळू लागला की पट्टी जराशी जरी हलली तरी पेशी चौकटीबाहेर जाते.

करवीर_औषधशास्त्र

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल आमची बैठक झाली. प्राणीगृह ज्या संस्थेत नोंदणीकृत आहे तीच यजमान राहील आणि चालकाच्या पदाची हमी मिळाल्याशिवाय प्रस्ताव पाठवायचा नाही, यावर चार गट राजी झाले. नॅनोकणांचा गट मात्र ९२० च्या लेझरवर नाराज असून बाहेर राहील असे दिसते. अपस्माराचा गट लघुसूक्ष्मदर्शकाने आधी सुरुवात करणार आहे. दोन प्रश्न उरले आहेत. साठवणीची सोय किती धरावी? आणि उंदराला दृश्य-उद्दीपन देण्यासाठी समोर पडदा ठेवला तर त्याचा प्रकाश प्रतिमेत येतो, असे ऐकले. त्यावर उपाय काय?

प्रकाशशाळा_पुणे

साठवणीचा हिशेब सोपा आहे. ५१२ गुणिले ५१२ ची प्रतिमा, प्रत्येक बिंदूला दोन बाइट, सेकंदाला ३० प्रतिमा, म्हणजे एका मार्गिकेचे (एका रंगाच्या चॅनेलचे) तासाला सुमारे ५६ गिगाबाइट. दोन मार्गिका आणि दिवसाचे चार तास धरले तर आठवड्याला दोन टेराबाइटच्या वर जाते. कच्चा डेटा किती महिने ठेवायचा आणि नंतर कोणाच्या खर्चाने, हे नियमावलीत पहिल्याच दिवशी लिहावे. विश्लेषणासाठी सूट-टू-पी सारख्या खुल्या प्रणाली आहेत. त्यांना चांगला संगणक लागतो, तो सूक्ष्मदर्शकाच्या संगणकापासून वेगळा असावा, म्हणजे विश्लेषण करणारा विद्यार्थी यंत्र अडवून बसणार नाही.

पडद्याच्या प्रकाशाविषयी आपण ऐकले ते खरे आहे, आणि पडद्यापेक्षा छोटे दिवे जास्त छळतात. शोधकांना खोलीतला प्रत्येक फोटॉन दिसतो: यूपीएसवरचा हिरवा ठिपका, कॅमेऱ्याचा दर्शक दिवा, दाराखालची फट. लेझरची झडप बंद ठेवून शोधक कमी संवेदनशीलतेवर चालू करावेत, खोलीत अंधार करावा आणि एकेक उपकरण चालू-बंद करत पार्श्वभूमीचा आकडा पाहावा. जिथे तो वाढतो तिथे काळी पट्टी चिकटवावी. पडद्यासाठी मात्र पट्टी पुरत नाही. डोक्यावरची पट्टी आणि वस्तुभिंग यांच्यामध्ये काळ्या रबराचा शंकू बसवतात. त्याचे खालचे टोक पट्टीभोवती घट्ट बसते, वरचे भिंगाला वेढते आणि पाण्याचा थेंब आतच राहतो. खिडकी चिकटवताना वापरायच्या दंत-सिमेंटमध्येही काळी पूड मिसळतात, कारण पांढऱ्या सिमेंटमधून प्रकाश आत झिरपतो. शंकूचा साचा उद्यमनगरातच करून घेता येईल. मात्र त्याची मापे वस्तुभिंग ठरल्यावरच द्यावीत, कारण १६ पट आणि २५ पट भिंगांचे व्यास सारखे नसतात.